मोजणीदाराने गॅलरी मोजली नाही : घर, जागा आणि सोयी यांविषयीचे अनुभव

दादर (निमंत्रण)

गेल्या महिन्यात आमच्या दादरच्या चाळीत विकासकाने नेमलेला मोजणीदार आला होता. चाळ १९३० च्या दशकातली, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत, आणि तिचा पुनर्विकास गेली चौदा वर्षे ‘आता होणारच’ या अवस्थेत आहे. त्या तरुणाने लेझरचे छोटे यंत्र भिंतीला टेकवले, मोरी धरून आमची खोली १७८ चौरस फुटांची असल्याचे वहीत लिहिले आणि तो शेजारच्या खोलीकडे वळला. तेव्हा माझ्या ८३ वर्षांच्या आईने त्याला थांबवून म्हटले, “अहो, गॅलरी राहिली की.” गॅलरी सामाईक असल्यामुळे ती कोणाच्याच नावावर मोजता येत नाही, हे त्याने शांतपणे समजावून सांगितले. आईला ते पटले नाही. माझे आजोबा निवृत्तीनंतर तेवीस वर्षे त्या चार फूट रुंद गॅलरीत लोखंडी कॉटवर झोपले; त्यांची दाढी, वर्तमानपत्र, दुपारचा चहा आणि अखेरचे आजारपणही तिथेच झाले. आईच्या हिशेबात ती कॉट घरात होती, त्यामुळे कॉटखालची जमीनही घरातलीच होती.

उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला आता किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा, मिळते आणि आम्हाला त्याहून थोडे अधिक कबूल झाले आहे. नकाशा घरी आला त्या संध्याकाळी माझ्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो कामाचे टेबल कुठे ठेवायचे हा. आईने विचारले की चार माणसांना दोन संडास कशाला आणि ते घासणार कोण. मी काहीच विचारले नाही, कारण मला त्या नकाशात सगळेच अपुरे आणि सगळेच जास्त वाटत होते.

म्हणून हा धागा. आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या आणि स्वतःच्या जागेविषयी लिहावे. किती माणसे किती जागेत राहत होती, कोणती गोष्ट त्या काळी चैन समजली जाई आणि ती गरज कधी झाली, आज कोणती गैरसोय आपण मुळीच चालवून घेणार नाही, हे तपशिलाने आले तर अधिक चांगले. खोलीचे माप आठवत असेल तर ते अवश्य लिहावे. गहिवर आला तर हरकत नाही, पण गहिवरासोबत माप असावे एवढी विनंती आहे.

लालबाग

माझे वडील १९५० च्या सुमारास संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत कामाला आले, तेव्हा त्यांची मुंबईतील जागा म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतला एक खुंटा एवढीच होती. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गाळ्यात तीस-पस्तीस पुरुषांची नावे होती. हे आजच्या वाचकाला अशक्य वाटेल, परंतु गिरण्या तीन पाळ्यांत चालत असल्यामुळे सगळे एकाच वेळी घरात कधीच नसत. एकाची वळकटी गुंडाळली जाई तेव्हा दुसरा रात्रपाळीहून दारात आलेला असे. जेवण खाणावळवालीकडे, आंघोळ चाळीच्या नळावर, आणि दर महिन्याला वर्गणी गावच्या मंडळाकडे.

या व्यवस्थेची किंमत माझ्या आईने भरली. लग्नानंतर नऊ वर्षे ती गावी राहिली, कारण गाळ्यात बायकामाणसांना जागा नव्हती. मी पाच वर्षांचा होईपर्यंत वडील मला शिमग्याला आणि गणपतीला भेटणारे पाहुणे वाटत. पुढे त्यांना चिंचपोकळीजवळ दहा बाय बाराची खोली मिळाली, ती आमची पाच माणसे, एक काका आणि शिक्षणासाठी आलेले दोन चुलतभाऊ यांनी भरून गेली, आणि तरीही आईच्या तोंडी कायम एकच वाक्य असे की आता आपण सगळे एका छपराखाली आहोत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांच्यातील असंख्य घरांत जे घडले तेच आमच्याकडेही घडले. आई धाकट्या भावंडांना घेऊन गावी परतली आणि त्या खोलीत वडील, मी आणि दोन पोटभाडेकरू उरलो. घराचा आकार वाढतो-घटतो तो विटांमुळे नव्हे, पगारामुळे, हे मी विसाव्या वर्षाच्या आत शिकलो.

पुढे गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आम्हाला वारस म्हणून २२५ चौरस फुटांचे घर लागले. तोवर वडील नव्हते. आईने आत पाऊल ठेवल्यावर देवाची जागा पाहिली नाही, ती थेट संडासात गेली, तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. माझ्या मुलाने मात्र तिथे राहायला स्पष्ट नकार दिला आणि तो पत्नीसह ठाण्याला भाड्याने गेला. माझ्या वयाचे अनेक जण अशा वेळी मुलांना माजलेले म्हणतात. मला तसे वाटत नाही. नऊ वर्षे बायकोपासून दूर राहणे हा माझ्या वडिलांचा साधेपणा नव्हता; त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

अँटॉप हिल, आता बदलापूर

आमच्या घरात आराम उतरत्या क्रमाने आला, म्हणून हा अनुभव थोडा वेगळा आहे. वडील केंद्र सरकारी नोकरीत असल्याने माझे बालपण अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत दोन शयनगृहांच्या क्वार्टरमध्ये गेले. समोर मैदान, स्वतंत्र संडास, स्वतंत्र न्हाणीघर आणि जेवणाचे टेबल. माझे शाळेतले मित्र टेबल पाहायला येत. वसाहतीत घर पदानुसार मिळे, त्यामुळे आपला बाप कितव्या ‘टाइप’मध्ये राहतो हे मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होई.

१९९६ मध्ये वडील निवृत्त झाले आणि ठरावीक मुदतीत ते घर सोडावे लागले. भविष्य निर्वाह निधीतून बदलापूरला ४२० चौरस फुटांचा वन बीएचके घेता आला. टेबल दारातून आत जाईना, ते विकले. आईने तक्रार केली नाही, परंतु त्यानंतर अनेक वर्षे ती नव्या घराला ‘तिकडचे’ आणि सोडलेल्या क्वार्टरला ‘घर’ म्हणत असे.

गिरगाव, आता बोरिवली

वरचे लेखन मी लक्षपूर्वक वाचले. दादरच्या आजोबांची गॅलरीतील कॉट डोळ्यांसमोर उभी राहिली आणि त्याच वेळी मनात आले की त्या घरातील आजी कुठे झोपत होत्या, हे कोणी लिहिलेले नाही.

मी १९७९ मध्ये लग्न होऊन गिरगावातील दोन खणांच्या जागेत आले. घरात आठ माणसे होती. मोरीला तीन फुटांची भिंत होती आणि वर पडदा. बायकांच्या आंघोळी पहाटे पाचच्या आत उरकत, आणि त्यासाठी पुरुष गॅलरीत जाऊन उभे राहत, म्हणजे आपल्या घरात आता बायका आंघोळ करीत आहेत हे संपूर्ण मजल्याला कळे. मजल्यावर बावीस बिऱ्हाडांना चार संडास होते. रात्री तिकडे जाताना मी सासूबाईंना उठवीत असे आणि त्या न कुरकुरता डबा घेऊन माझ्यासोबत येत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मासिक पाळीचे कपडे वाळवायला ऊन मिळत नसे. ते परकराच्या आत, साडीच्या घडीखाली, जिन्याच्या मागच्या दोरीवर वाळत किंवा दमटच राहत. चाळीतील माणुसकीविषयी मी आजवर पुष्कळ वाचले आहे, पण या दोरीविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

नवविवाहितांचा विषय काढावा की नाही याचा विचार करीत होते, परंतु लिहिते. उन्हाळ्यात दीर आणि पुतणे गच्चीवर झोपायला जात, सासरे गॅलरीत, आणि सासूबाई ‘मला आज झोप लागत नाही’ असे म्हणून शेजारी गप्पा मारायला बसत. पावसाळ्यात गच्ची बंद, गॅलरीत झड, सगळे आत. ते चार महिने आमचा संसार स्थगित असे. माझ्या यजमानांचे एक मित्र बोरिवलीला राहत आणि सुट्टीत गावी जाताना ते आपल्या घराची किल्ली मुद्दाम आमच्याकडे ‘झाडांना पाणी घालण्यासाठी’ देत. त्यांच्याकडे झाडे नव्हती.

१९८४ मध्ये आम्ही पोटमाळा घातला. उंची साडेचार फूट, त्यामुळे वर बसता येई, उभे राहता येत नसे. तरी ती माझी मुंबईतली पहिली स्वतःची जागा. तिथे मी पत्रे लिहिली, तिथेच बाळंतपणानंतर मुलाला पाजले, आणि डोक्याला तुळई लागून आलेली खूण अजून कपाळावर आहे.

गॅलरीविषयीही लिहायला हवे. संध्याकाळी सहा ते दहा ती पुरुषांची असे, दुपारी तांदूळ निवडण्यापुरती आमची. आज चाळीच्या आठवणींनी व्याकूळ होणाऱ्यांत पुरुष अधिक दिसतात, याचे मला आश्चर्य वाटत नाही. अर्थात माझ्याकडून अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडते : माझा मुलगा सहा महिन्यांचा असताना मी नोकरीवर परत जाऊ शकले ते शेजारच्या मावशींमुळे. त्यांनी सात वर्षे त्याला सांभाळले आणि एक रुपया घेतला नाही. माझ्या सुनेने अलीकडेच पाळणाघराचे दर विचारून आणले, तेव्हा त्या सात वर्षांची रक्कम मी मनातल्या मनात मांडून पाहिली आणि गप्प बसले.

आज आम्ही दोन बीएचकेमध्ये राहतो. सून आल्यावर नातेवाइकांनी विचारले की तिला कोणते दागिने घातले. दागिने मोजकेच घातले, परंतु त्यांच्या खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी आहे ना, हे मी स्वतः दोनदा लावून पाहिले होते.

वास्तुरचनाकार, माहीम

गेली बत्तीस वर्षे मुंबईकरांच्या घरांचे नकाशे काढतो, तेव्हा धंद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

मी काम सुरू केले तेव्हा चाळीतून फ्लॅटमध्ये जाणारी कुटुंबे तीन गोष्टी मागत : उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा, घरातला संडास आणि गाद्या-भांड्यांसाठी माळा. उभ्याचा ओटा ही सोय आज कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु ज्या बाईने शेगडी आणि स्टोव्हपुढे जमिनीवर बसून वीस वर्षे काढली आहेत तिच्यासाठी तो गुडघ्यांचा प्रश्न होता. त्यानंतरच्या पिढीने न्हाणीघर आणि संडास वेगळे हवेत असा आग्रह धरला, कारण सकाळी घाई असते. आताची पिढी प्रत्येक शयनगृहाला जोडून दोन्ही एकत्र मागते. ज्येष्ठांपैकी काहींना भारतीय पद्धतीचाच संडास लागे. आता तेच ज्येष्ठ गुडघे धरून कमोड कधी बसवता असे विचारतात. वॉशिंग मशीनसाठी नळ आणि निचरा ही पूर्वी नंतर सुचणारी बाब होती, आता ती पहिल्या बैठकीत येते. विजेचेही तसेच आहे. १९७० च्या दशकातील इमारतीत एका खोलीला दोन दिवे, एक पंखा आणि एक प्लग एवढीच जोडणी असे. त्या तारांवर दोन वातानुकूलन यंत्रे आणि गीझर लावले की सोसायटीची सभा बोलवावी लागते.

दादरच्या मातोश्रींच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर देणे सोपे आहे, पण त्यात एक गंमत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत बाल्कनी चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते त्याच्या मर्यादेत) धरली जात नसे. परिणामी विकासक नकाशात बाल्कनी ठेवत, रहिवासी अधिमूल्य (जादा शुल्क) भरून किंवा न भरता ती बंदिस्त करीत, आणि मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक बैठकीच्या खोलीत दोन पातळ्यांची फरशी तयार झाली. २०१२ मध्ये हे सगळे निर्देशांकात धरून त्याऐवजी अधिमूल्यावर ३५ टक्के जादा क्षेत्र देण्याची पद्धत आली. आता बाल्कनी ठेवायची तर तिला खोलीइतकीच किंमत पडते, म्हणून अनेक नकाशांतून ती नाहीशी झाली. स्थावर संपदा कायद्यातील (रेरा) चटई क्षेत्राच्या व्याख्येत आतल्या भिंती येतात आणि बाल्कनी येत नाही. तेव्हा मातोश्रींची गॅलरी त्यांना स्वतंत्रपणे मिळाली असती तरी चटई क्षेत्राच्या आकड्यात ती दिसली नसती.

आणखी एक कारण सांगणे आवश्यक आहे. जुन्या चाळींत सोयी का वाढल्या नाहीत याचे उत्तर माणसांच्या साधेपणात कमी आणि भाडे कायद्यात जास्त आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पंधरा-वीस रुपये भाडे घेणारा मालक नवा संडास बांधत नाही आणि घर सोडल्यास तेवढ्या भाड्यात दुसरे मिळणार नाही हे जाणणारा भाडेकरू ते सोडत नाही. दोघेही एकमेकांना धरून पन्नास वर्षे तिथेच बसले.

गोरेगाव, भाड्याचे घर

मी २९ वर्षांचा आहे. माझे आजोबा परळच्या १४० चौरस फुटांच्या खोलीतून गिरणीच्या कचेरीत दहा मिनिटांत चालत जात. वडिलांनी १९९४ मध्ये वसईला ३८० चौरस फुटांचे घर घेतले आणि चर्चगेटच्या नोकरीसाठी निवृत्तीपर्यंत रोज सुमारे चार तास रेल्वेत घालवले. त्यामुळे ‘आजोबांपेक्षा वडिलांचे घर मोठे’ हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटते. वाढलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे किती मिनिटे गेली हेही पाहायला हवे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही चौघे वसईच्या त्या घरात अडकलो. बहिणीची परीक्षा, माझ्या कार्यालयाच्या बैठका आणि शिक्षिका असलेल्या आईचे ऑनलाइन वर्ग एकाच वेळी चालत. मी अनेक बैठका न्हाणीघरात पिंपावर लॅपटॉप ठेवून केल्या आहेत. एकदा टाकीतून पाणी सुटल्याचा आवाज ऐकून परदेशातील सहकाऱ्याने ‘तिकडे पाऊस आहे का’ असे विचारले आणि मी होय म्हणालो.

आता मी आणि पत्नी गोरेगावला वन बीएचकेमध्ये राहतो. आम्ही दोघेही आठवड्यातील तीन दिवस घरून काम करतो. म्हणून आम्हाला बंद होणारी दोन दारे लागतात. ज्येष्ठांना ही हौस वाटते. पण पूर्वी ज्या कामाची जागा गिरणी, बँक किंवा कचेरी देत असे ती आता आम्ही आमच्या भाड्यातून भरतो. मात्र सगळाच दोष दुसऱ्यावर टाकत नाही. घर पाहताना व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव पाहून आम्ही भुललो. तलावात मी वर्षभरात दोनदा उतरलो, देखभालीचा खर्च मात्र बारा महिने भरला. आजोबांच्या १४० फुटांत मी राहीन का? प्रामाणिकपणे सांगतो, आठवडाभरही नाही.

विक्रोळी

आमची झोपडी डोंगरावर दहा बाय बाराची होती आणि आता झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सातव्या मजल्यावर २६९ चौरस फुटांचे घर मिळाले आहे. आमच्या आधीच्या इमारतीतल्यांना २२५ मिळाले, आमच्यानंतरच्यांना ३०० मिळणार आहेत, त्यामुळे तिन्ही इमारतींच्या बायका नळावर नसल्या तरी लिफ्टमध्ये भांडतात.

घरात संडास आला हे सर्वांत मोठे सुख. पहाटे अंधारात डोंगरावर जाणे थांबले आणि मुलीने पहिल्यांदाच शाळेतल्या मैत्रिणीला घरी आणले. पण एक नुकसान आम्ही आधी ओळखले नव्हते. पूर्वी उंबऱ्यावर बसून आम्ही चार-पाच जणी कपड्यांवर टिकल्या लावण्याचे काम करीत होतो. उजेड असे, येणाऱ्या माणसाकडून माल मिळे, मुले डोळ्यांसमोर खेळत. आता समोरची इमारत एवढी जवळ आहे की दुपारी बाराला दिवा लावावा लागतो, आणि माल देणारा सातव्या मजल्यावर येत नाही. झोपडीत परत जायचे का असे कोणी विचारले तर नाही म्हणेन. पण महिन्याचे ते पैसे गेले ते गेलेच.

वरळी

आम्ही बीडीडी चाळीतले. या चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, भिंती काँक्रीटच्या, इतक्या टणक की खिळा ठोकताना हातोडीच उडे. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीतल्या इमारतींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला होता, आणि खोलीत गर्दी झाली की वडील ‘कैद्यांनाही एवढीच जागा होती’ असे म्हणून विषय संपवीत.

अशा खोल्यांत अभ्यास कसा होई हा प्रश्न मुले विचारतात. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन खोल्यांत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले आणि नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. आमच्या घरात हे उदाहरण दोन्ही अंगांनी वापरले जाई. जागा कमी म्हणून रडू नये, असे वडील सांगत. आई म्हणे, की त्यांनाही शेवटी शांत जागा बांधावीच लागली. मी अभ्यासिकेत बसून दहावी केली आणि रात्री अकरानंतर जिन्याच्या दिव्याखाली बारावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यातील ५५६ घरांचा ताबा दिला गेला, त्यात आमचे घर होते. चाळीस मजली इमारतीत ५०० चौरस फूट, दोन शयनगृहे. वडिलांचे वय ७९. त्यांना स्वतंत्र खोली दिली आहे, पलंग आहे, दार आहे. पहिल्या आठवड्यात ते पहाटे दिवाणखान्यात जमिनीवर चटई टाकून झोपलेले दिसले. विचारले तर म्हणाले, खोलीत कोणाचा श्वास ऐकू येत नाही, झोप लागत नाही. आता त्यांच्या खोलीचे दार रात्री अर्धे उघडे ठेवतो. शेजारी तेच आहेत, त्याच चाळीतले, पण येण्यापूर्वी फोन करतात. कोणी ठरवले नव्हते, दारावरची घंटा आली आणि पद्धत बदलली. पत्नी यावर खूश आहे. इतकी वर्षे दुपारी तिने अंग टाकले की कोणीतरी साखर मागायला येत असे. देखभालीच्या खर्चाविषयी मात्र आताच लिहीत नाही. पहिले काही महिने सगळे शांत आहेत, पुढचे पुढे.

दादर (पुन्हा)

सर्वांचे आभार. गिरगावच्या ताईंनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि तो मला आधी सुचला नाही याची थोडी लाजही वाटली. आणखी दोघांनी १७८ चौरस फुटांत आठ माणसे कशी झोपत हे नकाशासह सांगावे असे कळवले आहे. नकाशा काढता येत नाही, शब्दांत सांगतो. काळ साधारण १९७७ चा.

खोली लांबट होती. पुढे गॅलरीचे दार आणि खिडकी, मागे ओटा आणि मोरी. आजोबा बाहेर कॉटवर. आजी डाव्या भिंतीलगतच्या आतल्या कॉटवर, कारण तिला दम्याचा त्रास असल्याने ओल सोसत नसे. त्या कॉटखालच्या दोन ट्रंका रात्री मोरीच्या कट्ट्यावर चढवल्या जात आणि तिथे मी आणि धाकटा भाऊ झोपत असू, डोके बाहेर आणि पाय भिंतीकडे, म्हणजे उठताना कपाळ आपटत नसे. कॉट आणि कपाट यांच्यामधल्या पट्ट्यात आई आणि बहीण. वडील कपाटापलीकडे, पाय ओट्याखाली घालून. आईची जागा अशी होती की रात्री कोणीही उठले तरी तिला ओलांडूनच जावे लागे. ती सगळ्यांत उशिरा आडवी होई आणि तिची झोप तीन-चार वेळा मोडे, हे मला आईला आज विचारल्यावर कळले. तिने ते तक्रार म्हणून सांगितले नाही, मी मोजायला लागलो म्हणून सांगितले.

काका दाराशी. तो उंच असल्याने त्याचे पाय उंबऱ्याबाहेर जात आणि थंडीतही दार पूर्ण लागत नसे. नळ गॅलरीच्या टोकाला होता, पाणी पहाटे साडेचारला येई आणि जो दाराशी झोपेल त्याने उठून हंडे रांगेत लावायचे, असा नियम होता. काकाचे लग्न ठरले आणि तो डोंबिवलीला गेला, तेव्हा दाराजवळची जागा माझ्याकडे आली. कॉटखालून सुटका झाली म्हणून मी त्या रात्री फार आनंदात होतो. पहाटे साडेचारला आजोबांनी बाहेरून काठीने माझे तळवे टोचले.